कळ आणि काच

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून दर वर्षी काही ना काही जुनी वस्तू खाली येते, सर्वांनी हाताळून झाली की बहुधा तशीच पुन्हा वर जाते. यंदा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. उघडून पाहतो तो आत पाच मोबाईल. गेल्या वीसबावीस वर्षांत आमच्या घरात जे जे फोन नांदले आणि निवर्तले, त्यांची ती जणू वंशावळच होती. मी ते सतरंजीवर वयाच्या क्रमाने मांडले आणि पणत्या धुण्याचे माझ्याकडे सोपविलेले काम विसरून तासभर त्यांच्याकडे पाहत बसलो. त्याबद्दल घरात बोलणीही खाल्ली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाया गेलेल्या तासाचे समर्थन आहे, असे वाचकांनी खुशाल समजावे.

टीका करावी ती कादंबरीची, नाटकाची, फार तर चित्रपटाची. फोनची कसली टीका, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु माणूस एखादी कादंबरी वर्षातून एकदा हाती घेतो आणि फोन उठल्यापासून निजेपर्यंत हाती घेतो. जी वस्तू आपल्या हाताला इतके वळण लावते, तिच्या घडणीविषयी आपण काहीच बोलू नये, हे मला चमत्कारिक वाटते. शिवाय दोन्हींना लावायची कसोटी फारशी वेगळी नाही. प्रत्येक कादंबरी मनात एक वाचक धरून लिहिलेली असते. तो वाचक कोण, हे ओळखले की कादंबरीचे निम्मे मर्म उलगडते. तसाच प्रत्येक फोन कोणता तरी एक हात मनात धरून घडविलेला असतो. तो हात कोणाचा? पाचही फोनांना मी एवढा एकच प्रश्न विचारला.

हे फोन येण्यापूर्वीचा फोन पाहिलेली माझी पिढी आता पन्नाशीकडे झुकली आहे. काळा, जड, भिंतीलगतच्या टेबलावर ठाण मांडून बसलेला तो फोन म्हणजे घरातले एक लाकूडसामानच असे; त्याच्यावर विणलेला रुमालही पडे. त्याची तबकडी फिरवायची म्हणजे बोट भोकात घालून अडसरापर्यंत न्यायचे, सोडायचे, आणि ती कुरकुरत परत येईपर्यंत थांबायचे. त्या थांबण्यात मनुष्य काय बोलायचे ते ठरवीत असे. पुढे चौकाचौकात एस.टी.डी.चे पिवळे फलक आले. मलकापूरच्या बाजारात अशा एका खोपटात आत बोलणारा, बाहेर रांग आणि मध्ये लाल आकड्यांनी धावणारे बिल, असे दृश्य रोजचे होते. फोन जागेला बांधलेला होता आणि माणूस त्याच्याकडे चालत जात होता.

ही बांधणी तोडण्याचा मान ३ एप्रिल १९७३ या दिवसाकडे जातो. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. तोही कोणाला, तर प्रतिस्पर्धी बेल प्रयोगशाळेतल्या जोएल एंगल यांना! त्या फोनचे वजन एक किलोहून अधिक होते. आमच्याकडच्या बाजारी भाषेत सांगायचे, तर गुळाची एक ढेप कानाला लावून बोलण्याचाच तो प्रकार. दहा वर्षांनी, १९८३ साली, त्याचा विकाऊ अवतार तयार झाला. त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती. भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांनी ऐकले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे आणि येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत. साहजिकच त्या वेळचा फोन ज्या हातासाठी होता, त्या हातात अंगठी होती आणि मनगटावर भारी घड्याळ होते. आमच्या शाहूवाडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

संबंध आला तो नव्या शतकात. माझ्या सतरंजीवरचे पहिले दोन फोन त्या वेळचे. एक नोकियाचा ३३१०, सन २००० चा. वजन १३३ ग्रॅम. दुसरा त्याच कंपनीचा ११००, सन २००३ चा. वजन अवघे ८६ ग्रॅम. या दुसऱ्या फोनविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे. साहित्यात ज्याला अभिजात कृती म्हणतात, तशी एखादी कृती फोनांच्या जगात असेल, तर ती हीच, असे माझे मत आहे. जगभर या एका नमुन्याचे पंचवीस कोटींहून अधिक फोन खपले. पण खप हा काही अभिजाततेचा पुरावा नव्हे, आणि आम्हा कादंबरीकारांना हे कोणी शिकवायला नको! पुरावा त्याच्या घडणीत आहे.

हा फोन भारतासारख्या देशांतल्या गिऱ्हाइकाला डोळ्यांपुढे ठेवून बेतलेला होता. कळांवर एकसंध रबरी पडदा होता, म्हणजे फटीतून धूळ आत जायला वाव कमी. कडेच्या अंगाला हात घसरू नये अशी खरबरीत पकड होती. आणि डोक्यावर एक बारीक विजेरी होती. आमच्याकडे विजेरीलाच बॅटरी म्हणतात. आंब्याच्या बाजूला जूनमध्ये जो पाऊस लागतो, तो गणपती येऊन गेले तरी हटत नाही. वीज गेली की रात्रच्या रात्र अंधारात काढावी लागते. अशा मुलखात गोठ्यात निघालेल्या माणसाच्या हाती बोलण्याचे यंत्र आणि कंदील एकाच वस्तूत आला, ही साधी गोष्ट नव्हती. कुठल्याशा दूरच्या देशात बसून कोणीतरी आमच्या गोठ्याचा विचार केला होता. चांगल्या कादंबरीत आपल्या मनातले कोणी तिऱ्हाइताने लिहिलेले सापडावे आणि आपण चकित व्हावे, तसे मला त्या विजेरीकडे पाहून वाटत असे.

आणखी एक बारकावा सांगतो. पाचच्या आकड्यावर एक उंचवटा असे. बोटाला तो ठिपका लागला की बाकीचे सगळे आकडे आपोआप कळत. वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. आकड्यांची ही मांडणीसुद्धा सहज सुचलेली नव्हे. अमेरिकेतल्या बेल कंपनीने १९६३ साली कळांचा फोन बाजारात आणला, त्याआधी निरनिराळ्या मांडण्या माणसांकरवी दाबून पाहिल्या होत्या आणि त्यांतून ही निवडली होती. म्हणजे एका ठिपक्यामागे आणि बारा चौकोनांमागे कितीतरी हातांची परीक्षा उभी होती.

माझी आई शाळेत गेलेली नाही. तिला आकडे ओळखता येतात, अक्षरे येत नाहीत. तिला हा फोन आठ दिवसांत पाठ झाला. मी तिला दोनच्या कळेवर माझा नंबर आणि तीनच्या कळेवर पुण्याच्या बहिणीचा नंबर लावून दिला होता; कळ दाबून धरली की फोन लागे. ती तो फोन लुगड्याच्या कनवटीला ठेवी, जिथे तिची आई चंची ठेवीत असे. अंधारात, पांघरुणात, चुलीपुढे धुराने डोळे चुरचुरत असताना तिचा अंगठा ठिपका शोधी, एक घर वर जाई आणि माझा फोन वाजे. मुख्य गोष्ट अशी की तिला फोनकडे पाहावे लागत नसे. जात्याचा खुंटा, सुपाची कड, विळीचे पाते यांच्याकडे तरी ती कुठे पाहत होती? तिच्या हाताला ज्या वस्तू ठाऊक होत्या, त्यांच्या पंक्तीला हा फोन जाऊन बसला.

इथवर वाचून वाचकांचा समज होईल की हा जुन्याच्या आठवणीने गहिवरणारा आणखी एक गुरुजी आहे. तसे नाही. कळेच्या फोनात एक दोष होता, आणि मराठीच्या शिक्षकाने तो दडवून ठेवणे बरे नव्हे. त्या फोनाला आपली लिपी पेलत नव्हती.

इंग्रजीची सव्वीस अक्षरे आठ कळांवर तीनतीन-चारचार वाटली की भागते. आपली अक्षरे पन्नासाच्या आसपास, वर काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे. काही फोनांच्या कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली असत. पण ‘ज्ञानेश्वर’ लिहायचे म्हणजे अंगठ्याचे सांधे दुखून येत. त्यात पुन्हा एका संदेशात इंग्रजी अक्षरे मावत १६०, आणि देवनागरी फक्त ७०. या सत्तरांत प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र घर अडवी. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे तीन शब्द मोजून पाहा. मधल्या दोन मोकळ्या जागा धरून सत्तावीस घरे खर्ची पडतात. शुभेच्छा मराठीतून द्यायच्या तर दोन संदेशांचे पैसे, इंग्रजी अक्षरांतून दिल्या तर एकाचे. कोणता मराठी माणूस दोन संदेशांचे पैसे भरील?

म्हणून आपण सगळे इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहू लागलो. त्यात ‘मला’, ‘मळा’, ‘माळा’ आणि ‘माला’ यांचे रूप एकच झाले. ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ एकाच वेषात फिरू लागले. ळ हे अक्षर तर हद्दपारच झाले. माझ्या वर्गातली मुले निबंधात ‘बाल’ लिहून ‘बाळ’ म्हणून वाचू लागली, तेव्हा मी त्यांना रागावलो. पुढे माझ्या लक्षात आले, की बारा कळांच्या त्या पट्टीने त्यांच्या हातातून ळ काढून घेतला होता, आणि मी मात्र शिक्षा मुलांना करीत होतो.

या दोषाचे निवारण काचेने केले. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन लोकांपुढे धरला. कळांविषयीचा त्यांचा आक्षेप मोठा मार्मिक होता. प्लास्टिकमध्ये एकदा बसविलेल्या कळा हव्या असोत वा नसोत, तिथेच असतात. काम बदलले तरी कळा बदलत नाहीत. म्हणून त्यांनी कळा काढल्या आणि साडेतीन इंचांची काच बसविली. काचेवरची कळ म्हणजे नुसते चित्र. चित्र पुसून दुसरे काढता येते. जॉब्स यांच्या मनात त्या वेळी मराठी वर्णमाला असण्याचे कारण नाही. पण तिचा सर्वांत मोठा लाभ झाला तो आपल्यासारख्यांना, असे माझे मत आहे. इंग्रजीला कळा पुरत होत्या. मराठीला त्या कधीच पुरल्या नव्हत्या.

अर्थात काच एकटी काय करणार? तिच्यामागे पुष्कळांची मेहनत उभी होती. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. संगणकावर आपण ज्या ‘मंगल’ अक्षरांत वर्षानुवर्षे मराठी वाचले, ती र. कृ. जोशी या आपल्याच सुलेखनकाराने घडविलेली. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’सारखी अक्षरे घडवून सर्वांना मोकळी करून दिली. २०१६ साली भारत सरकारने असा आदेश काढला की देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व भारतीय भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि लिहिण्याची सोय इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत असली पाहिजे. ळ घरी परतला. आज आमच्या तालुक्यातली दहावी नापास झालेली पोरेसुद्धा लग्नाच्या वाढदिवसाला शुद्ध नसली तरी अस्सल देवनागरी चार ओळी लिहितात. माझ्या शेवटच्या कादंबरीची काही प्रकरणे मी स्वतः एस.टी.त बसून काचेवर लिहिली आहेत. काचेचे हे ऋण मी नाकारीत नाही.

एक खोड मात्र अजून उरली आहे. पुष्कळ फोनांवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. मराठी वळणाची रूपे प्रमाण मानावीत, असा निर्णय राज्यशासनाने २००९ साली घेतला. मी फळ्यावर मराठी वळण काढतो. मुले वहीत हिंदी वळण काढतात आणि विचारले तर सांगतात, ‘गुरुजी, मोबाईलात असंच हाय.’ फळा आणि काच यांच्या झगड्यात कोण जिंकणार, हे मी जाणून आहे. तेव्हा भांडण फळ्याने न करता काच घडविणाऱ्यांशी करायला हवे.

आता काचेच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. ती लिहिताना मला थोडा त्रास होणार आहे.

तीन वर्षांपूर्वी आईचा कळांचा फोन थकला. मी तो दुरुस्त करून घेण्याऐवजी तिला काचेचा फोन आणला. त्यात नातवंडांची तोंडे दिसतील, भजने ऐकता येतील, असा माझा हेतू होता आणि तो काही वाईट नव्हता. तिने तो कौतुकाने घेतला. पण तो तिला कधी वश झाला नाही. जुन्या फोनवर कॉल घ्यायचा म्हणजे कळ दाबायची. इथे बोट टेकवून ओढायचे. तिने उभ्या आयुष्यात दाबले होते, ओढले नव्हते. ती काचेवर अंगठा जोराने दाबी, आणि फोन आपला वाजतच राही. काचेखालची व्यवस्था बोटाचा जोर मोजीत नाही. बोटाने तिथल्या विद्युतभारात जो सूक्ष्म फरक पडतो, तो मोजते. कातडी कोरडी, राठ, घट्टे पडलेली असली की तो फरक कमी पडतो. काचेवर पाण्याचे थेंब असले की कोणता स्पर्श बोटाचा आणि कोणता पाण्याचा, हे तिला उमगत नाही. आई म्हणायची, ‘ह्येला माजं बोट वळखत न्हाई बघ.’ आम्ही हसत असू.

एके वर्षी श्रावणात संध्याकाळी ती गोठ्यात घसरून पडली. मी शाळेच्या कामासाठी कोल्हापूरला गेलो होतो, घरात कोणी नव्हते. फोन तिच्यापाशीच होता. हात शेणाने आणि पावसाने ओले. काच उघडायची म्हणजे नक्षी ओढायची. ती काही केल्या ओढली जाईना. लुगड्याला पुसून पाहिले, तर लुगडेही ओले. शेजारच्या काकू दुधाला आल्या तोवर तासभर ती तशीच पडून होती. पुढे मांडीचे हाड सांधले, ती हिंडूफिरूही लागली, देवाची कृपा. पण त्या तासाचा हिशेब मी अजून पुरता केलेला नाही. तिच्या कनवटीला तो जुना फोन असता, तर अंगठ्याने ठिपका शोधला असता, एक घर वर जाऊन कळ दाबून धरली असती आणि माझा फोन वाजला असता. ती कळ तिच्या हातून मी काढून घेतली होती.

या प्रसंगात मी फोन घडविणाऱ्यांना दोष देत नाही. दोष माझा, कारण कोणाच्या हातासाठी कोणता फोन, हा प्रश्न मी दुकानात विचारलाच नाही. पण टीकाकार या नात्याने एक गोष्ट मांडणे भाग आहे. काचेने जो हात मनात धरला आहे, तो कोरडा, मऊ, मोकळा आणि डोळ्यांच्या पहाऱ्याखाली चालणारा हात आहे. हे वर्णन कचेरीतल्या हाताचे झाले. भात लावणाऱ्या, शेण सारवणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या आणि न पाहता काम करणाऱ्या हाताचे नव्हे. आंधळ्या माणसासाठी काच बोलून दाखविण्याची सोय फोनांत आहे, आणि ती मोलाची आहे. पण ती आधी चालू करून घ्यावी लागते. पाचवरचा ठिपका चालू करावा लागत नव्हता.

त्या प्रसंगानंतर मला आणखी एक गोष्ट कळली. ती कुटुंबातल्या सर्वांनी वाचावी म्हणून इथे नोंदवितो. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे कळांच्या नव्या फोनात पाच किंवा नऊची कळ दाबून धरली की मदतीची हाक जावी, आणि काचेच्या फोनात चालू-बंद करण्याची कडेची कळ लागोपाठ तीनदा दाबली की जावी, अशी सोय ठरवून दिलेली आहे. प्रत्यक्षात कुठे तीनदा, कुठे पाचदा दाबावी लागते. आपापल्या फोनवर ती आजच पाहून ठेवावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अंगठ्याला शिकवावी. गंमत पाहा, सगळ्या कळा काढून टाकल्यावरही संकटाच्या वेळी काचेला एका कळेचाच आधार घ्यावा लागला!

तिसरा मुद्दा दुरुस्तीचा. माझ्या डब्यातला ११०० मी नखाने उघडला. पाठ निघाली, बॅटरी निघाली, तिचे टोक पुसले, पुन्हा बसविली. काचेचा फोन घेऊन मी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो, तेव्हा तो म्हणाला, ‘गुरुजी, ह्येच्यात आता खोलायचं काय ऱ्हाईलंच न्हाई. समदं चिकटवून टाकलंय.’ ऊब देऊन डिंक मऊ करायचा, मग काच उचलायची, आणि ती फुटली तर दैव आपले. आमच्या जिल्ह्याची कोल्हापुरी चप्पल पाहा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन घराण्याने तिच्यासारख्याच चपला मांडल्या, त्यावरून केवढा गहजब झाला! त्या गहजबात तिचा खरा गुण कोणी फारसा सांगितला नाही. ती पहिले काही दिवस चावते, तेल पिते, मग पायाचा आकार घेते. अंगठा तुटला तर शिवता येतो, तळ झिजला तर नवा लावता येतो. वापरातून ती मालकाची होत जाते. काचेचा फोन उलट पहिल्या दिवशी सर्वांत देखणा असतो आणि नंतर दिवसेंदिवस परका होत जातो. आता युरोपात यावर कायदे होऊ लागले आहेत. एकच चार्जर सगळ्या फोनांना चालावा, असा तिथला नियम २०२४ च्या डिसेंबरअखेर लागू झाला. गिऱ्हाइकाला स्वतः बॅटरी बदलता यावी, असा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. आमच्या दुरुस्तीवाल्याला जे ठाऊक होते, ते कायद्याला उशिरा का होईना, कळले म्हणायचे.

चौथा मुद्दा रूपाचा. सतरंजीवरचे कळांचे फोन डोळे मिटून वेगळे ओळखता येतात. एक साबणाच्या वडीसारखा, एक मधोमध मिटणारा, एक सरकणारा. काचेचे फोन पालथे घातले तर पाठीवरच्या कॅमेऱ्यांच्या गाठींवरून काय तो फरक. उताणे केले तर सगळे एकाच कारखान्यातल्या पाट्या. २००७ साली साडेतीन इंच असलेली काच आज साडेसहा इंचांच्या घरात गेली आहे. १९९६ साली मोटोरोलाने मिटणारा फोन काढला होता, आणि २०१९ पासून काचच घडी घालून विकण्याची धडपड चालली आहे. आधी वस्तू खिशात मावेनाशी करायची आणि मग ती मावावी म्हणून दुमडायची, यात मला तरी थोडा विनोद दिसतो.

पाचवा आणि शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काचेचा फोन एका माणसाचा असतो. तो चेहरा ओळखतो, बोटाचा ठसा ओळखतो आणि दुसऱ्याला दार लावतो. शहरात हे योग्यच असेल. आमच्याकडे फोन घराचा असतो. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच फोन होता. तोच बापाचा, तोच आईचा, तोच तीन मुलांच्या तीन इयत्तांचा. मुले तो घेऊन रेंजसाठी टेकाडावर जात, छत्रीखाली गोल करून बसत, आणि काच एका तळहाताएवढी. ज्याने ती घडविली, त्याने त्या छत्रीखालच्या पाच डोक्यांची कल्पना केली नव्हती. ११०० घडविणाऱ्याने गोठ्याची केली होती. माझ्या मते या दोन फोनांतला खरा फरक हाच आहे. काच नवी आणि कळ जुनी, हा फरक त्यापुढे फार गौण ठरतो.

तेव्हा निष्कर्ष काय? काच फोडून टाकावी आणि कळेकडे परतावे, असे मी म्हणणार नाही. ळ पुन्हा घालवायला मी तयार नाही. पण काचेच्या अंगाला दोनचार खऱ्या कळा राहिल्या, त्यांतल्या एकीवर ठिपका राहिला, पाठ नखाने उघडली आणि काच घरातल्या सर्वांना ओळखू लागली, तर त्यात अशक्य असे काही आहे काय? कादंबरीकाराला आम्ही सांगतो, की बाबा, तुझ्या कथेत शेतकरी आहे, पण त्याचा हात दिसत नाही. फोन घडविणाऱ्यालाही हेच सांगायचे.

पणत्या शेवटी धुऊन झाल्या. आईला मी पुन्हा कळांचा फोन आणून दिला आहे. नव्या जाळ्यावर चालणारा, विजेरीचा. तो तिच्या कनवटीला असतो. आणि नातीचा काचेचा फोन तोंडापुढे धरून ती पुण्याच्या लेकीसाठी बोलते, तेव्हा तिचे बोललेले शब्द काचेवर देवनागरीत उमटत जातात. तिला ते वाचता येत नाहीत. नात वाचून दाखविते, आणि आपलेच बोलणे लिहिलेले ऐकून आई दर वेळी विचारते, ‘म्या म्हणलं तसंच लिवलंय न्हवं?’ नात म्हणते, ‘व्हय आजी, तसंच.’ काल रात्री तिने ‘फराळाला या, करंज्या तळल्यात’ असे लिहविले. ‘करंज्या’ बरोबर उमटले होते. ‘तळल्यात’मधला ळ मी चष्मा लावून दोनदा पाहिला. तोही होता.